बोलण्याच्या परीक्षेतला ‘पाहिजे’

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरमधल्या माझ्या घराच्या पुढच्या खोलीत गेली सहा वर्षे रोज संध्याकाळी इंग्रजी बोलण्याचा सराव चालतो. त्याआधी चोवीस वर्षे मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवले, पण तेव्हा एका वर्गात ऐंशी-नव्वद मुले असत आणि त्यांतल्या एखाद्याला पाच मिनिटे सलग बोलताना ऐकण्याची संधी मला क्वचितच मिळे. आता ती मिळते. येणाऱ्यांपैकी बहुतेकांना आयईएलटीएस ही परदेशी जाणाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा द्यायची असते. कुणाला ऑस्ट्रेलियात किंवा आयर्लंडमध्ये पुढचे शिक्षण घ्यायचे असते, कुणी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या आशेवर असते, तर कुणाला परिचारिका म्हणून ब्रिटनला जायचे असते आणि तिथल्या नोंदणीसाठी बोलण्याच्या परीक्षेत 9 पैकी 7 बँड, म्हणजे गुणश्रेणी, मिळवणे भाग असते.

या मुलांच्या निकालपत्रांत एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसते. ऐकण्यात 7.5, वाचनात 8, आणि बोलण्यात 6 किंवा 5.5. घरची माणसे त्याचे कारण लगेच सांगतात, की पोरगा मराठी शाळेतला आहे, इंग्रजी बोलायची सवय नाही. मलाही सुरुवातीला तसेच वाटत होते. परंतु पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेली, घरी भावंडांशी इंग्रजीतच भांडणारी मुलेही याच ठिकाणी अडतात हे पाहिल्यावर मी सरावाची ध्वनिमुद्रणे जपून ठेवायला आणि पुन्हा ऐकायला लागले. त्यातून जे लक्षात आले ते इथे सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

आधी परीक्षेबद्दल थोडे, कारण पालकांना तिची रचना बहुधा ठाऊक नसते. बोलण्याची परीक्षा 11 ते 14 मिनिटांची असते, समोर किंवा पडद्यावर एक परीक्षक असतो आणि संपूर्ण संभाषण ध्वनिमुद्रित होते. पहिल्या भागात घर, गाव, काम, आवडीनिवडी यांवरचे साधे प्रश्न असतात. दुसऱ्या भागात एक विषयपत्रिका हातात देतात, विचार करायला 1 मिनिट मिळते आणि त्यानंतर 1 ते 2 मिनिटे एकट्याने बोलायचे असते. तिसरा भाग 4 ते 5 मिनिटांचा, आणि खरी कसोटी तिथे लागते. दुसऱ्या भागात तुम्ही लहानपणच्या एखाद्या नदीबद्दल बोलला असाल तर तिसऱ्या भागात परीक्षक विचारतो, की शहरे वाढताना नद्यांची ही स्थिती का होते, पर्यावरण राखण्याची जबाबदारी सरकारची की माणसांची, वीस वर्षांनी काय चित्र असेल. म्हणजे स्वतःच्या आठवणीवरून सर्वांच्या प्रश्नावर यायचे आणि त्यावर मत मांडायचे.

गुण चार निकषांवर मिळतात आणि चारही निकषांचे वजन सारखे असते: बोलण्याचा ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरणाचा आवाका व अचूकता, आणि उच्चार. या चारांत ‘मत योग्य आहे की अयोग्य’ हा निकष कुठेही नाही. परीक्षकाला तुमचे मत पटले की नाही याचा गुणांशी काहीही संबंध नसतो. मी हे प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगते, प्रत्येक जण मान हलवतो, आणि तरीही पहिला प्रश्न विचारताच प्रत्येकाच्या डोळ्यांत तोच भाव उमटतो की बाईंना यावर कोणते उत्तर अपेक्षित असेल.

त्या शोधातून जे वाक्य बाहेर पडते ते जवळजवळ ठरलेले असते. प्रश्न असतो, ‘लोक जुन्या वस्तू का जपून ठेवतात?’ आणि उत्तर येते, ‘आपण जुन्या वस्तू जपल्या पाहिजेत, कारण त्या आपला वारसा आहेत.’ प्रश्न असतो, ‘तरुण माणसे खेड्यातून शहरात का येतात?’ उत्तर येते, ‘सरकारने खेड्यांत रोजगार दिला पाहिजे.’ मी एकदा बावीस वर्षांच्या एका अभियंत्याची साडेचार मिनिटांची ध्वनिफीत मोजत ऐकली. त्यात ‘वी शुड’ सतरा वेळा आले होते. प्रश्न पाच होते, त्यांपैकी चारांत ‘का’ विचारले होते आणि फक्त एकात ‘काय करायला हवे’ असे. त्याचे इंग्रजी चांगले होते. कर्त्याप्रमाणे क्रियापद चालत होते, काळ चुकत नव्हते. पण ‘का’ या प्रश्नाला त्याने एकदाही उत्तर दिले नव्हते.

हा ‘पाहिजे’ कुठून येतो ते मला ठाऊक आहे, कारण मी स्वतः अनेक वर्षे तो मुलांच्या वहीत लिहून घेतला आहे. आपला शालेय निबंध त्यावरच संपतो. विषय झाडांचा असो, मोबाइलचा असो वा वेळेचा, शेवटच्या परिच्छेदात ‘म्हणून आपण सर्वांनी’ अशी सुरुवात होते आणि ‘पाहिजे’वर पूर्णविराम पडतो. वक्तृत्व स्पर्धेत तर त्या वाक्यावरच टाळ्या असतात. दहा-बारा वर्षे असे लिहिल्यावर मुलाच्या मनात मत आणि उपदेश यांची सरमिसळ होते. उपदेशात धोका काहीच नसतो, झाडे लावली पाहिजेत याला कोण विरोध करणार? मत मांडणाऱ्याला मात्र कुणीतरी ‘कशावरून?’ असे विचारू शकते, आणि तो प्रश्न येऊ नये एवढ्यासाठी मूल ‘पाहिजे’च्या आडोशाला उभे राहते.

घरातही त्याला फारसे वेगळे वातावरण मिळत नाही. मोठ्यांच्या तोंडी लागू नये हे आपल्याकडे चांगल्या वळणाचे लक्षण मानले जाते, आणि मीही तशाच घरात वाढले आहे. त्या शिकवणीत आदर आहे हे मला मान्य आहे. पण पंचविशीतल्या मुलीला ‘तुला काय वाटते?’ असे विचारल्यावर ती प्रथम ‘बाबा म्हणतात की’ अशी सुरुवात करते, तेव्हा मला वाईट वाटते, आणि ते वाईट वाटणे परीक्षेपुरते नसते.

आता एका संध्याकाळचा प्रसंग सांगते. परिचर्येची पदवी घेतलेली एक मुलगी माझ्याकडे येत होती. आधीच्या प्रयत्नात तिला बोलण्यात 6 मिळाले होते आणि तिला 7 हवे होते. मी तिला तोच प्रश्न विचारला, पर्यावरणाची जबाबदारी सरकारची की माणसांची. तिने पाठ केलेल्या सुरात सांगितले की हा फार रंजक प्रश्न आहे, या नाण्याला दोन बाजू आहेत, सरकार आणि नागरिक या दोघांनीही पर्यावरणाचे रक्षण केले पाहिजे. तीस सेकंदांत उत्तर संपले. मी ‘आणखी?’ म्हटले तर तिने तेच वाक्य उलटे करून सांगितले.

ती अंबाझरी तलावाच्या खालच्या बाजूच्या वस्तीत राहते हे मला ठाऊक होते. 2023 च्या 23 सप्टेंबरच्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला आणि नाग नदीकाठची अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी अशा वस्त्यांतली घरे लोक झोपेत असतानाच पाण्याखाली गेली. बचावासाठी लष्कराला बोलवावे लागले होते. मी वही बंद केली आणि मराठीत विचारले, ‘त्या रात्री तुमच्या घरी काय झालं गं?’

ती क्षणभर गप्प राहिली आणि मग बोलायला लागली. ‘मॅडम, पहिले तर आम्हाला वाटलं नळ चालू राहिला असेल. आई उठली अन् पाय खाली टाकला तर घोट्यापर्यंत पाणी. पंधरा मिनिटांत फ्रिज तरंगून राहिला होता, खरं सांगते. आजीला आम्ही ओट्यावर बसवलं. बाबा म्हणतात तलावाचं पाणी सोडलं म्हणून झालं, पण मला तसं नाही वाटत. पाणी तर दरवर्षीच येते. आमच्या मागचा नाला आधी रुंद होता, मी लहान असताना त्यात म्हशी बसायच्या. तो अरुंद केला नसता तर पाणी निघून गेलं असतं. अन् आमचंही चुकलंच ना, कारण आमच्या गल्लीतल्या लोकांनीच त्याच्यावर स्लॅब टाकून गाड्या ठेवल्या. कुणी काही बोललं नाही, कारण सगळ्यांनाच जागा पाहिजे होती. पण परवानगी कुणी दिली? ती तर आम्ही नाही दिली.’

मी बोट वर करून तिला थांबवले, कारण अजून दहा मिनिटे तरी ती थांबली नसती. तिच्या या बोलण्यात काय काय आले होते ते आम्ही दोघींनी मिळून कागदावर उतरवले. वडिलांच्या मताशी असहमती होती आणि त्यासाठी कारणही होते. स्वतः पाहिलेला पुरावा होता. ‘केला नसता तर गेलं असतं’ अशी, न घडलेल्या गोष्टीबद्दलची सशर्त वाक्यरचना होती. स्वतःच्या बाजूची चूक मान्य करणे होते, आणि ती मान्य करूनही जबाबदारी कुणाची जास्त हे सांगणे होते. पर्यावरणाची जबाबदारी सरकारची की माणसांची या प्रश्नाचे याहून नेमके उत्तर मी तरी ऐकलेले नाही, आणि त्यात एकही ‘केले पाहिजे’ नव्हते. जो एक ‘पाहिजे’ आला होता तो गाड्यांच्या जागेचा होता.

पुढचा पाऊण तास आम्ही हेच बोलणे इंग्रजीत आणण्यात घालवला. ‘इफ दे हॅड नॉट नॅरोड द ड्रेन, द वॉटर वुड हॅव फ्लोड अवे’ हे वाक्य तिला व्याकरणाच्या पुस्तकात तिसऱ्या प्रकारचे सशर्त वाक्य म्हणून माहीत होते, तिने त्याचे स्वाध्यायही सोडवले होते, पण बोलताना ते तिच्या तोंडून कधी आले नव्हते. त्या दिवशी ते दुसऱ्या प्रयत्नात आले, आणि नंतर येतच राहिले. सहाच्या पुढच्या बँडसाठी साध्या वाक्यांबरोबर गुंतागुंतीच्या रचनाही लवचीकपणे वापरता याव्या लागतात, हे निकषांत लिहिलेले असते आणि शिकवणीवर्गांत त्यासाठी ‘ऑल्दो’, ‘व्हेअरॲज’, ‘हॅड इट नॉट बीन’ अशी जोडवाक्ये घोकून घेतली जातात. माझा अनुभव असा की गुंतागुंतीचे वाक्य गुंतागुंतीच्या विचारामागोमाग येते. ‘सर्वांनी झाडे लावली पाहिजेत’ या विचाराला ‘ऑल्दो’ची गरजच पडत नाही, तो त्यात बाहेरून कोंबावा लागतो. वडिलांचे म्हणणे अंशतः बरोबर आहे, तरीही मूळ कारण वेगळे आहे असे ज्याला सांगायचे असते त्याला ‘ऑल्दो’ शोधावाच लागतो.

इथे मराठीबद्दल थोडे विषयाला धरूनच सांगायचे आहे. मत किती ठाम आहे हे दाखवण्याची आपल्या भाषेत फार बारीक सोय आहे आणि ती आपण दिवसभर नकळत वापरत असतो. ‘तो घरी आहे’ यात खात्री आहे. ‘तो घरी असेल’ यात अंदाज आहे. ‘तो घरी असावा’ यात खुणांवरून काढलेले अनुमान आहे, म्हणजे चपला बाहेर आहेत आणि दिवा लागलेला आहे. ‘तो घरी असायला हवा होता’ यात अपेक्षाभंग आहे. त्या मुलीने एका दमात ‘चालू राहिला असेल’, ‘निघून गेलं असतं’ आणि ‘चुकलंच ना’ असे म्हटले होते, आणि त्यातल्या ‘च’ या एका अक्षरात कबुली होती. हीच मुलगी इंग्रजीत आली की सगळे ‘इज’ आणि ‘शुड’ या दोनच खुंट्यांना टांगत असे. तिला मी ‘परहॅप्स’, ‘इट मस्ट हॅव बीन’, ‘आय सपोज’ हे शब्द यादी म्हणून दिले नाहीत. आम्ही तिच्याच बोलण्यातला ‘असेल’ उचलला आणि त्याच्या जागी ‘माइट’ ठेवला, ‘असावा’ उचलला आणि त्याच्या जागी ‘मस्ट बी’ किंवा ‘प्रॉबेब्ली’ ठेवले. इंग्रजीत ‘मस्ट’ म्हणजे सक्ती एवढेच ती शिकली होती. अनुमानाचा ‘मस्ट’ तिला ‘असावा’ने समजला.

आपल्या वाक्यात मत माणसाला ‘वाटते’, म्हणजे ‘मला’ हा शब्द चतुर्थीत असतो. जणू मत बाहेरून येऊन आपल्यापाशी थांबते. ‘आय थिंक’मध्ये विचार करणारा स्वतः कर्ता होऊन पुढे उभा राहतो. ‘आय’ने वाक्य सुरू करताना काही मुलींचा आवाज खाली जातो हे मी ध्वनिफितींत ऐकले आहे. त्याचे कारण व्याकरणात असेल की घरात, याचा निवाडा मी करणार नाही, पण आवाज खाली जातो एवढे खरे. नागपूरच्या मुलांची आणखी एक खोड म्हणजे ‘आय ॲम थिंकिंग दॅट’. आपण ‘मी विचार करून राहिलो’, ‘मला वाटून राहिलं’ असे बोलतो, तेच तिथे उतरत असावे. ती फार मोठी चूक नाही. तीन-चार वेळा लक्षात आणून दिली की जाते.

थांबण्याबद्दल मात्र मला अधिक सांगायचे आहे, कारण यात फार गैरसमज आहे. मुलांना वाटते की बोलताना थांबलो की गुण गेले, म्हणून ती प्रश्न संपायच्या आत उत्तर सुरू करतात आणि त्या घाईत हाताशी असते तेच बाहेर येते, म्हणजे ‘वी शुड’. आयईएलटीएसचे जाहीर निकष वाचले तर दिसते की वरच्या बँडांत, 8 आणि 9 मध्ये, थांबणे मोजले जाते ते दोन प्रकारांत. शब्द किंवा व्याकरण सापडत नाही म्हणून अडखळणे वेगळे, आणि काय म्हणायचे याचा विचार करण्यासाठी थांबणे वेगळे. दुसऱ्या प्रकारचे थांबणे 9 बँडच्या वर्णनातही मान्य केलेले आहे. इंग्रजी मातृभाषा असलेला माणूसही ‘वीस वर्षांनी शहरे कशी असतील?’ या प्रश्नावर दोन सेकंद छताकडे पाहतो. ते दोन सेकंद घ्यायला मी मुलांना अक्षरशः शिकवते. प्रश्न ऐकायचा, श्वास घ्यायचा, आणि ‘मी यावर कधी विचार केला नव्हता, पण आमच्या गल्लीत पाहिलं तर’ अशा अर्थाचे, आणि खरे असेल तरच, वाक्य म्हणायचे. प्रश्न कळला नाही तर तिसऱ्या भागात तो वेगळ्या शब्दांत विचारण्याची विनंती करता येते, आणि त्यात कमीपणा काहीही नाही. न कळलेल्या प्रश्नाचे उत्तर देत सुटण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

मत कसे मांडावे याचा नमुना मी मुलांना देते तो याच शहरातला आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षेचा सोहळा झाला आणि दुसऱ्या दिवशी, 15 ऑक्टोबरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे मोठे भाषण केले. त्या भाषणाच्या सुरुवातीच्या भागात त्यांनी लोकांच्या मनातला एक प्रश्न स्वतःच हाती घेतला, तो म्हणजे या कार्यासाठी नागपूर हेच ठिकाण का निवडले. राष्ट्रीय स्वयंसेवक संघ इथे आहे म्हणून मुद्दाम हे शहर निवडले असे काही जण म्हणत होते. बाबासाहेबांनी आधी तो समज उघडपणे सांगितला, मग तसे नाही असे स्पष्ट केले, आणि मग आपले कारण दिले की बौद्ध धर्माचा प्रसार नाग लोकांनी केला, हा भाग त्यांच्या वस्तीचा, आणि इथून वाहणाऱ्या नदीचे नावही नागच आहे. विरोधी म्हणणे न टाळता आधी मांडणे, ते नाकारणे, आणि मग दाखवता येईल असे कारण देणे, हे सगळे काही वाक्यांत आले. लाखोंच्या समुदायाला ते समजले. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना हे भाषण घरी ऐकून-वाचून माहीत असते, काहींच्या आजोबांनी ते प्रत्यक्ष ऐकलेले असते. परीक्षेच्या अंगाने त्याकडे पाहायला सांगितले की त्यांचे चेहरे बदलतात. त्यांनी मत मांडण्याची कला शिकायला परकीय वक्त्यांच्या चित्रफिती पाहायची काही गरज नाही, असे मला मनापासून वाटते.

काही गोष्टी थोडक्यात. ‘इन माय ओपिनियन’, ‘फ्रॉम माय पर्स्पेक्टिव्ह’, ‘पर्सनली स्पीकिंग’ अशी पाच-सहा सलामीची वाक्ये घोकून ती आळीपाळीने वापरणे निरुपयोगी आहे, आणि त्यामागे मत नसेल तर ते परीक्षकाला लगेच कळते. दोन्ही बाजू सांगितल्याच पाहिजेत असा नियम नाही, एकच बाजू घेऊन ती नीट सांभाळली तरी चालते. बोलता बोलता मत बदलले तर तसे सांगावे, ‘आता बोलताना मला वाटते की’ असे म्हणता येते आणि तो दोष नव्हे. भारतीय धाटणीच्या उच्चारांना गुण कमी होत नाहीत, ऐकणाऱ्याला सहज कळणे महत्त्वाचे असते. म्हणून जीभ वळवून परका सूर आणण्याच्या भानगडीत पडू नये. त्याने बोलणे कृत्रिम होते आणि विचाराकडचे लक्ष उच्चाराकडे जाते.

सतरा ‘वी शुड’वाल्या त्या अभियंत्याला मी एक महिना एकच नियम घातला होता, की तिसऱ्या भागातले कोणतेही उत्तर ‘आपण’ या शब्दाने सुरू करायचे नाही. पहिले चार दिवस तो जवळजवळ मुका झाला. पाचव्या दिवशी ‘लोक सार्वजनिक वाहने का वापरत नाहीत?’ या प्रश्नावर तो म्हणाला, की त्याची आई मेट्रोने सीताबर्डीला जायला तयार आहे, पण घरापासून स्थानकापर्यंतचे दीड किलोमीटर ती भर मे महिन्यात चालू शकत नाही आणि तेवढ्या अंतराला रिक्षावाला येत नाही, म्हणून ती गाडीच काढते. त्यावरून तो हळूहळू वर गेला, की वाहन चांगले असूनही वापरले जात नाही कारण अडचण वाहनात नसून त्याच्या दोन्ही टोकांना आहे. मी त्याला तिथेच थांबवून शाबासकी दिली. ही गोष्ट त्याला आधीपासून माहीत होती. तिला मत म्हणतात हे त्याला माहीत नव्हते.

परिचारिका मुलीची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. गेल्या गुरुवारी पाऊस होता म्हणून तिची आई तिला न्यायला आली आणि सराव संपेपर्यंत दाराजवळच्या खुर्चीवर बसून राहिली. विषय वृद्धांचा होता, त्यांनी मुलांबरोबर राहावे की वेगळे. मुलगी बोलायला लागण्याआधी मला काय वाटले कोण जाणे, मी तोच प्रश्न आईला मराठीत विचारला. त्या संकोचल्या, मग म्हणाल्या, ‘सोबतच राहिलेलं बरं. पण सुनेला विचारलं असेल तर. न विचारता राहिलं की दोघींचंही मन दुखते.’ मुलीने ते वाक्य मी न सांगताच इंग्रजीत केले, आणि लगेच ‘बट आय डिसॲग्री विथ माय मदर’ असे म्हणून पुढे बोलत सुटली, की विचारले तरी सून ‘नाही’ म्हणू शकते का, आणि जिथे ‘नाही’ म्हणता येत नाही तिथे विचारण्याला काय अर्थ. आईला इंग्रजी कळत नव्हते, पण आपले नाव निघाले हे कळले. ‘काय म्हणून राहिली ही?’ असे त्यांनी मला विचारले. मी काही सांगायच्या आत मुलगीच मराठीत सांगायला लागली, आई उत्तर द्यायला लागली, आणि बाहेरचा पाऊस थांबून गेला तरी दोघी उठल्या नाहीत. ध्वनिमुद्रण मी बंद केले नव्हते.